दोन फुटी टाकीत पहिले मासे कोणते? जोड्या नकोत, थवा घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सोसायटीत राहणाऱ्या एका ताईंनी सात वर्षांच्या लेकीसाठी काचेची टाकी घेतली आहे. लांबी २४ इंच, रुंदी १२, उंची १५. फिल्टर, लाइट, खडी सगळं घरात येऊन पडलंय आणि रविवारी मासे आणायचे आहेत. दुकानदाराने यादी दिली आहे ती अशी: गोल्डफिशची एक जोडी, एंजलची एक, टायगर बार्बची एक, शार्कची एक, नियॉन टेट्राच्या दोन जोड्या आणि काच साफ ठेवायला एक सकर. म्हणजे एकूण १३ मासे. त्या विचारतात, यात काही बदल करू का? मुलीला गोल्डफिश हवाच आहे. आणि पाणी नळाचं भरायचं की फिल्टरचं?

ताई, आधी रविवारी मासे आणायचं पुढे ढकला. लेक हिरमुसेल, पण त्या दिवशी तिला खडी धुवायला आणि टाकी भरायला बरोबर घ्या. बादलीत हात घालून खडी धुणं मुलांना फार आवडतं. मासे साधारण महिन्याभराने येतील. का, ते पुढे सांगतोच. सुरुवात तुमच्या यादीपासून करतो, कारण गेल्या वीस-बावीस वर्षांत हीच यादी मी कितीतरी घरांत पाहिली आहे, नावं तेवढी मागेपुढे.

त्या यादीतला 'जोडी' हा शब्द बघा. आपल्याकडे मासा जोडीने विकतात. भाव जोडीचा सांगतात, पिशवीही जोडीची बांधतात. त्यामुळे घेणारा माणूस प्रत्येक काचेसमोर थांबतो, 'याची एक जोडी द्या, त्याची एक द्या' म्हणत पुढे सरकतो आणि घरी सहा-सात जातींचे दोन-दोन मासे येतात. दिसायला भरगच्च वाटतं. पण यातल्या बऱ्याच जाती निसर्गात जोडीने राहतच नाहीत. नियॉन टेट्रा शेकड्यांच्या थव्यात फिरतो. त्याला दोघादोघांनी ठेवलं की तो झाडामागे किंवा फिल्टरच्या नळीमागे जाऊन बसतो, अंगावरची निळी रेघ फिकी पडते, खायलाही बिचकत बिचकत बाहेर येतो. तोच मासा आठ-दहांच्या संगतीत टाकीच्या मधोमध पोहतो. टायगर बार्बचं आणखी निराळं. थव्यात असला की त्याची सगळी खोडी आपसात चालते, कोण पुढे कोण मागे याच्यावरून. दोघंच असले की तोच जोर शेजाऱ्यावर निघतो, आणि एंजलचे ते लांब, दोऱ्यासारखे पर आठवड्याभरात कुरतडलेले दिसतात. लोक म्हणतात टायगर वाईट मासा. मासा वाईट नाही, त्याला त्याची माणसं मिळालेली नसतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: जाती कमी करा, एका जातीतले मासे वाढवा. तुमच्या टाकीत दोन, फार तर तीन जाती. त्यातली एक थव्याने राहणारी, तिचे किमान सहा, जमलं तर आठ. बाकी सगळं तिच्याभोवती रचायचं.

आता यादीतल्या एकेकाकडे बघू.

शार्कबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दुकानात 'शार्क' म्हणून जो चंदेरी-काळपट, दोन-तीन इंचांचा, सतत येरझारा घालणारा मासा मिळतो तो शार्क नसतोच. तो आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला पंगॅसियस जातीचा मांजरमासा. तुम्ही तो बहुधा खाल्लाही असेल: हॉटेलात आणि सुपरमार्केटमध्ये 'बासा' नावाने जे पांढरे काटेविरहित तुकडे मिळतात, ते याच माशाचे. आंध्रात त्याची मोठी शेती होते. पूर्ण वाढला तर तो मीटरभराच्याही पुढे जातो. मोठ्या नदीत लांबच लांब पोहणारा जीव दोन फुटांच्या काचेत ठेवला की तो घाबरट होतो. कोणी लाइट लावला, दार आपटलं, की थेट काचेवर धडकतो. माझ्या ओळखीच्या एका घरात मी असा मासा पाहिला, टाकी तीन फुटी होती. नाकाडाची कातडी सोललेली, त्यावर पांढरी बुरशी, आणि तरीही तो काचेला तोंड लावून इकडून तिकडे जात होता. घरच्यांना वाटायचं किती उत्साही आहे. रेनबो शार्क, रेड टेल शार्क म्हणून मिळणारे मासे वेगळे. ते पाच-सहा इंचांवर थांबतात, पण आपला कोपरा ठरवून इतरांना तिथे फिरकू देत नाहीत. तुमच्या टाकीत तेही नकोत.

सकरचीही तीच गत. तो दक्षिण अमेरिकेतला मासा, दुकानात बोटाएवढा, पुढे फूटभर किंवा त्याहून मोठा. काचेवरचं शेवाळ लहानपणी खातो, मोठा झाला की ते काम सोडून तळाशी पडलेलं खाद्य शोधतो आणि स्वतः एवढी घाण करतो की टाकी आधीपेक्षा लवकर खराब होते. रात्री एंजल किंवा गोल्डफिशसारख्या रुंद अंगाच्या माशाला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरपतानाही मी पाहिला आहे. त्यात तो न झेपणाऱ्या लोकांनी तळ्यात, नदीत सोडून दिल्यामुळे केरळ, आंध्र आणि कोलकात्याच्या पूर्वेकडची पाणथळ जागा अशा ठिकाणी तो फोफावला आहे. कोळ्यांची जाळी त्याच्या काटेरी अंगाने फाटतात. म्हणून इथे कळकळीने सांगतो: कुठलाही मासा नकोसा झाला तरी मुठेत, विहिरीत, तलावात सोडू नका. दुकानात परत द्या, कोणाला तरी द्या, पण पाण्यात सोडणं हे पुण्य नव्हे. काच साफ करायला सकर लागत नाही. आठवड्यातून एकदा स्पंजच्या तुकड्याने मुलीने पुसली की झालं.

एंजल देखणा, पण त्याला उंची लागते. पर धरून तो सहा इंच उंच होतो, आणि पूर्ण वाढलेल्या एंजलच्या तोंडात नियॉन सहज मावतो. आज एकत्र छान दिसतील, आठ-दहा महिन्यांनी रोज सकाळी एक नियॉन कमी असेल.

राहिला गोल्डफिश. मुलीचं मन मोडायचं नाही हे मला कळतं, पण हा मासा मुळात थंड पाण्यातल्या कार्पच्या कुळातला. बाकीच्या बहुतेकांना २५-२७ अंशांचं पाणी लागतं, याला त्याहून गार बरं. तो दिवसभर खातो, दिवसभर घाण करतो, आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. दोन गोल्डफिशना मी तीन फुटांपेक्षा लहान टाकी सुचवणार नाही. कोणी वास्तूचा हवाला देऊन आठ सोनेरी आणि एक काळा ठेवायला सांगेल. तुमच्या टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे नऊ जीव तडफडणार, दुसरं काही नाही. मुलीला खरं तर काय हवंय? टाकीत सोनेरी, केशरी, तिच्याकडे बघून पुढे येणारा मासा. तो दुसऱ्या रूपात देता येतो, खाली येतोच आहे.

म्हणजे यादीतलं उरलं काय, तर नियॉन. तोही मी तुमच्यासाठी पहिल्या वर्षी टाळेन. त्याला थोडं गार, २१ ते २५ अंशांचं, हलकं म्हणजे कमी क्षारांचं पाणी मानवतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या टाकीतही पाणी ३० च्या वर जातं, आणि नव्या टाकीतले चढउतार त्याला सोसत नाहीत. टाकी वर्षभर नीट चालली की मग आणा.

मासे किती, हा हिशेब. तुमची टाकी काठोकाठ भरली तर ७० लिटरची. पण दोन इंच खडी आणि वर दीड इंच मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास राहतं. 'गॅलनला (साधारण पावणेचार लिटरला) एक इंच मासा' असा एक जुना हिशेब तुम्हाला कोणीतरी सांगेल. एक-दीड इंचाच्या बारीक माशांपुरता तो चालतो, पण सहा इंची एक मासा म्हणजे एक इंची सहा मासे नव्हेत. लांबी दुप्पट झाली की अंगाचं वजन आठपट होतं, आणि घाण वजनाच्या हिशेबाने होते. माझा ठोकताळा सांगतो: तुमच्या ५५ लिटरमध्ये दोन-अडीच इंचांच्या आतले १४-१५ मासे, आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायची तयारी असेल तर. ती नसेल तर दहा. आणि हा आकडा मासा आज केवढा आहे त्यावर लावायचा नाही, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होईल त्यावर लावायचा.

आता महिनाभर का थांबायचं ते.

माझी पहिली टाकी २००१ सालची, ठाण्यातल्या घरात. शनिवारी भरली, रविवारी मासे सोडले, तुमच्यासारखीच यादी. बुधवारी सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसलो तर दोन्ही एंजल पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला तोंड लावून उभे. कल्ले धापा टाकल्यासारखे उघडझाप करत होते, आतली कडा लालभडक. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ, तळाची खडी मोजता येईल इतकं. मला वाटलं हवा कमी पडतेय. दुपारी सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून खसाखसा धुतला. शुक्रवारी टाकी रिकामी झाली. काय झालं होतं हे कळायला पुढे वर्ष गेलं.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. दिसत नाही, वास येत नाही, पण कल्ले जाळतो. पाणी जितकं अल्कलाइन आणि गरम तितका तो जास्त विषारी. जुन्या टाकीत एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, ते रक्तात मिसळलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, कल्ले तपकिरी पडतात. नायट्रेट मात्र बरंच सोसण्यासारखं, आणि ते दर आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. मी नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने स्पंज धुतला तेव्हा जी काही थोडीफार वस्ती बसत होती तीही मारून टाकली होती.

तेव्हा टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि तो रात्रीसुद्धा बंद करू नका. वीज वाचवायला रात्री फिल्टर बंद ठेवणारी पुष्कळ घरं आहेत. आतल्या जिवाणूंना वाहतं पाणी आणि हवा लागते, काही तासांत ते मरू लागतात. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाका, तेच कुजून जिवाणूंना अन्न होतं. कोणाकडे वर्षभर निरोगी चाललेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला थोडा मळकट स्पंज ओल्या पिशवीत आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, निम्मा वेळ वाचतो. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा माझा या स्पंजवर जास्त भरवसा आहे. थेंबांचा टेस्ट किट घ्या, म्हणजे नमुन्याच्या पाण्यात थेंब टाकून रंगावरून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट किती ते सांगणारा. पैसे वाचवायचे तर दिखाऊ खेळण्यांवर वाचवा, किटवर नको. आधी अमोनिया वर चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. मुलीला रोजचा रंग वहीत उतरवू द्या. महिना बघता बघता जातो.

पाण्याबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण कोणते मासे घ्यायचे हे खरं तिथेच ठरतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकीत नको, त्यातले क्षार काढून टाकलेले असतात. नळाचंच घ्या. पण तुमच्या सोसायटीत नळाला नेमकं काय येतं? खडकवासल्याचं धरणाचं पाणी हलकं असतं. मात्र बऱ्याच सोसायट्यांत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं मिसळतात, उन्हाळ्यात टँकर येतो. आपल्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड. बादलीवर, नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो ना, तेच. आरओ दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर असतो, स्वस्तात विकतही मिळतो. माझ्या अनुभवात धरणाचं पाणी शंभर-दीडशेच्या आत दाखवतं, बोअरचं चारशेच्या पुढे. टीडीएस म्हणजेच जडपणा असं नव्हे, पण अंदाजाला पुरेसं आहे. क्लोरीन घालवायला अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला. टँकरचं पाणी आलं त्या आठवड्यात पाणी थोडं थोडं, दोन-तीन दिवसांत वाटून बदला. माशाला हलकं किंवा जड दोन्ही सवयीने चालतं, एका दिवसात हलक्याचं जड झालेलं चालत नाही.

तुमचं पाणी हलकं निघालं तर मी असं करीन. थवा हार्लेक्विन रासबोराचा, आठ. मलायाकडचा, दीड-दोन इंचांचा, तांबूस अंगावर काळा त्रिकोण असलेला शांत मासा, आपला उन्हाळा नियॉनपेक्षा बराच जास्त सोसतो. तो नाही मिळाला तर श्रीलंकेचा चेरी बार्ब. तळाला ब्राँझ कोरीडोरास, सहा. हे मिशावाले छोटे मासे तळाशी झुंडीने वाळू हुंगत फिरतात, मधूनच एकदम वर जाऊन हवेचा घोट घेऊन खाली येतात. ते आजारी नाहीत, ते आतड्यानेही श्वास घेऊ शकतात. त्यांच्यासाठी मात्र खडी बदला. टोकदार रंगीत खडीने त्यांच्या मिशा झिजतात, चाळलेली बारीक नदीची वाळू घाला. आणि तिसरा, एकटा, मुलीचा सोनेरी मासा: हनी गोरामी, नर. आसाम-बंगालकडचा आपलाच मासा, दोन इंचांच्या आत, मधासारखा पिवळाकेशरी. छातीखालचे दोन दोऱ्यासारखे पर पुढे करून तो वस्तू चाचपून बघतो. काचेवर बोट ठेवलं की हळूहळू येऊन बोटाच्या जागेवर आतून ते दोरे टेकवतो. हे एकदा बघितल्यावर गोल्डफिशचा हट्ट राहत नाही असा माझा दोन-तीन घरांतला अनुभव आहे.

पाणी जड निघालं तर वरचं सगळं विसरा आणि गप्पी-प्लॅटीकडे वळा. गप्पी म्हणजे महापालिका डासांच्या अळ्या खायला साठलेल्या पाण्यात सोडते तोच, फक्त दुकानातला शेपटीचा पंखा रंगीत. त्याला क्षार मानवतात. पण नरच घ्या, सहा-सात. मादी आणली की ती एकटी असली तरी दर महिन्याला पिल्लं घालते, कारण नराचं बीज ती महिनोन् महिने पोटात साठवून ठेवते. पहिल्या वेळी मजा वाटते, चौथ्या वेळी पिल्लं कोणाला द्यायची हा प्रश्न पडतो. सोबत झेब्रा दानियो, सहा. हाही भारतातलाच, निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, हलक्या-जड दोन्ही पाण्यात तग धरणारा. पहाटेच्या उजेडात नर मादीच्या बाजूने थरथरत पोहतो, त्या वेळी मुलीला उठवून दाखवा. केशरी रंग हवाच असेल तर गप्पींच्या ऐवजी केशरी प्लॅटी, तेही नर. टाकीला झाकण मात्र पक्कं हवं, झेब्रा आणि गप्पी दोन्ही उड्या मारतात.

सगळे एकदम आणायचे नाहीत. जिवाणूंची वस्ती जेवढ्या घाणीला पुरेल तेवढीच वाढते, एकदम पंधरा मासे आले की अमोनिया पुन्हा चढतो. आधी थवा. दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहिलं की तळाचे. पुन्हा दोन आठवडे, मग गोरामी. तो शेवटी, कारण जागा धरून बसणारा मासा आधी सोडला की तो टाकी आपली समजतो आणि नंतरच्यांना हाकलतो.

दुकानात गेल्यावर पाच मिनिटं नुसतं बघा. पर मिटून एका कोपऱ्यात उभा, पोट खपाटीला गेलेलं, अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे ठिपके, शेपटीची कड झिजलेली, असा एकही मासा त्या काचेत असेल तर त्या काचेतला कुठलाच घेऊ नका. मेलेला दिसला तरी तेच. दुकानदाराला चिमूटभर खाद्य टाकायला सांगा, निरोगी मासा झडप घालतो. आणि माल कधी आला ते विचारा. आपल्याकडचे पुष्कळ मासे कोलकात्याहून आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागातून पिशव्यांत भरून येतात. प्रवासाचा ताण उतरायला आठवडा द्यावा लागतो. एकदा चेरी बार्ब घ्यायला गेलो होतो. साठ-सत्तर मासे, सगळे लालबुंद, भावही कमी. पैसे काढणार इतक्यात त्यातला एक मासा तिरका झाला आणि हवेच्या नळीवर कूस घासून निघून गेला. थोड्या वेळाने दुसऱ्याने तेच केलं. मी रिकाम्या हाताने परत आलो. पुढच्या रविवारी त्याच काचेतले सगळे मासे पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले होते. व्हाइट स्पॉटचा परजीवी अंगावर दिसायच्या आधी कल्ल्यांत बसतो, आणि अंग घासणं ही त्याची पहिली खूण. रंगाचं इंजेक्शन दिलेले गुलाबी-हिरवे काचमासे दिसतील, तेही नकोत. मूळ काचमासा पारदर्शक असतो, तो रंग वेदना देऊन भरलेला आहे आणि काही महिन्यांत उतरतो.

पिशवी कापडी थैलीत घालून अंधारात आणा, स्कूटरच्या हुकाला उन्हात लटकवत नको. घरी आल्यावर टाकीचा लाइट बंद. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी तिच्यात घाला, पाच-सहा वेळा. नंतर मासे जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत घालायचं नाही, ते कुंडीत ओता. त्या दिवशी खायला काही देऊ नका. पहिला थवा रिकाम्या टाकीतच येतोय, त्यामुळे त्याला वेगळं ठेवायची गरज नाही. पण नंतरच्या प्रत्येक खेपेला वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात स्पंज फिल्टर, आणि दोन आठवडे मुक्काम. तो स्पंज आजपासूनच मोठ्या टाकीत मागे ठेवून द्या, म्हणजे लागेल तेव्हा जिवाणूंसह तयार असेल.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री १० अंशांपर्यंत खाली जातं, टाकीचं पाणी २० च्या खाली येऊ शकतं. ७५ किंवा १०० वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर लावा, २५ वर ठेवा, आणि पाणी बदलताना आधी त्याचं बटण बंद करा. मे महिन्यात उलट करायचं. झाकण थोडं उघडून त्या फटीवर जाळी लावा, छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा, दोन-तीन अंश उतरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून त्या दिवसांत खाद्य निम्मं. तुमच्याकडे वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं हे मुलीला सांगा, तिला पटेल. गौरी-गणपतीला चार-पाच दिवस गावी जाणार असाल तर वाढलेले मासे उपाशी सहज राहतात. शेजाऱ्यांकडे डबा देऊन जाऊ नका, प्रेमाने ते मूठभर टाकतात आणि परत आल्यावर टाकी दुधाळ झालेली असते. दहा दिवस जाणार असाल तर एक दिवसाआडच्या छोट्या पुड्या बांधून द्या, डबा कपाटात ठेवा.

आता तुम्ही एवढंच करा. पुढचे आठ दिवस नळाच्या पाण्याचा टीडीएस तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, त्यातला एक दिवस शक्यतो टँकर आलेला असू दे, आणि तिन्ही आकडे मला कळवा. रासबोरा की गप्पी, ते त्यावरून नक्की सांगतो.